एक डोंगर, बारा महिने: ज्योतिबा-पन्हाळ्याचे फोटो काढायला शिकताना

कोल्हापुरातला शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागलं की समोर दोन डोंगर उभे असतात. उजवीकडचा शंकूसारखा तो ज्योतिबा, डावीकडचा लांबलचक सपाट माथ्याचा तो पन्हाळा. नवा कॅमेरा हातात आला की कोल्हापूरकर पहिल्या रविवारी इकडंच गाडी वळवतो. दोनशे फोटो काढून घरी येतो आणि बघतो तर सगळे एकसारखे: वर पांढरंफट आभाळ, खाली निळसर पुसट डोंगर. मग लेन्स बदलायचा विचार सुरू होतो. लेन्सचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. अशा वेळी बहुधा दिवस चुकलेला असतो, नाहीतर उभं राहायची जागा.

इथल्या डोंगरांसाठी एकच गोष्ट आधी पाठ करा. पावसाळ्यात खाली राहायचं, थंडीत वर जायचं. पन्हाळ्याचा माथा शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच आहे. जुलैमध्ये ढगांचा तळ बऱ्याचदा त्याहून खाली उतरलेला असतो, म्हणजे गडावर गेलेला माणूस ढगाच्या पोटात उभा असतो आणि त्याला दहा पावलांवरची तटबंदीही दिसत नाही. तोच ढग पायथ्याच्या केर्ली गावाच्या बाजूनं बघितला तर डोंगराच्या खांद्यावर घोंगडं टाकल्यासारखा दिसतो. डिसेंबरात सगळं उलटं होतं. पंचगंगेच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं, गावात चार हातांवरचं दिसत नाही आणि गडावर मात्र लख्ख सूर्य असतो. त्या वेळी खाली थांबणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जागा पक्की करणं

सुरुवातीला एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथंच जा. पाच जागा फिरून पाच बरे फोटो मिळतील, पण उजेड कसा बदलतो हे एकाच जागेवरून कळतं. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा हवी. त्याहून लांब असली की पावसाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात जाणं सुटतं.

जागा बघायला मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर एक फसगत ठरलेली आहे, ती म्हणजे ऊस. तोडणी झालेल्या मोकळ्या रानातून डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसतो. तिथं खूण करून तुम्ही खूश होता. सप्टेंबरात त्याच बांधावर आलात की समोर दहा-बारा फूट उंच हिरवी भिंत असते आणि डोंगराचा फक्त शेंडा दिसतो. म्हणून जागा ठरवण्याआधी रानाच्या मालकाशी दोन शब्द बोला. बांधावर उभं राहायची परवानगी तर घ्यायचीच, शिवाय लागण कधीची आहे, तोड कधी होणार, खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) ठेवणार का, हेही विचारायचं. खोडवा राहणार असेल तर पुढच्या वर्षीही तीच भिंत. त्यापेक्षा रस्त्याचा भराव, कालव्याचा काठ, एखाद्या देवळाचा उंच कट्टा असली जागा बरी. दोन-तीन मीटर उंची मिळाली तरी उसावरून नजर जाते.

जागा मिळाली की ती नेमकी पकडायला शिका. "त्या आंब्याखाली" एवढी खूण पुरत नाही. समोरची एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा. समजा, वीस मीटरवरचा विजेचा खांब आणि मागे ज्योतिबाच्या उतारावरची एखादी खाच. खांबाची डावी कड बरोबर त्या खाचेवर येईल तिथं उभे राहा. फूटभर सरकलात तरी खांब आणि खाच एकमेकांपासून सुटतात. २४ मिलिमीटरची लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंद फोटो धरला तर ही चूक साधारण साठ पिक्सेलची होते. पुढं फोटो एकावर एक ठेवायला गेलात की डोंगर हलल्यासारखा दिसतो, तो यामुळंच. ट्रायपॉडची उंचीही तीच ठेवा. पायाचे किती टप्पे उघडले ते वहीत लिहा. मधली दांडी वर काढू नका, वाऱ्यात ती थरथरते. मोबाइल असेल तर छातीच्या उंचीवर धरायचा आणि मागच्या वेळचा फोटो दुसऱ्या मोबाइलवर उघडून चौकट जुळवायची.

सूर्य कुठून येणार

सूर्य रोज पूर्वेला उगवतो हे शाळेत ठीक आहे. कोल्हापुरात २१ जूनला तो पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडं उगवतो आणि २१ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेकडं. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा पन्नास अंश सरकते. हात सरळ पुढं ताणून मूठ धरली तर मुठीची रुंदी अंदाजे दहा अंश भरते. अशा पाच मुठी मोजून बघा, तुमच्या चौकटीत सूर्य कोणत्या महिन्यात शिरेल ते जागेवरच कळेल.

केर्लीच्या बाजूनं बघताना ज्योतिबा साधारण उत्तरेला असतो. याचा फायदा मोठा आहे. सकाळी उजेड उजवीकडून पडतो, संध्याकाळी डावीकडून, आणि डोंगराच्या मागून सूर्य कधीच डोळ्यावर येत नाही. आडवा उजेड पडला की काळ्या कातळाच्या थरांच्या पायऱ्या उठून दिसतात. सह्याद्रीच्या डोंगराचं खरं रूप या पायऱ्यांत आहे. दुपारी त्या गायब होतात. मे महिन्यात तर जास्तच, कारण ७ मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात भर दुपारी तो किंचित उत्तरेला असतो, त्यामुळं आपल्याकडं असलेली दक्षिण बाजू निस्तेज दिसते.

पन्हाळ्याचं गणित वेगळं. गडावरून ज्योतिबा पूर्वेकडं, म्हणून सज्जाकोठीच्या बाजूनं उगवतीचे फोटो. मावळतीसाठी गडाच्या पश्चिम टोकाला पुसाटी बुरूज. ज्योतिबावरून बघितलं तर पन्हाळा पश्चिमेला पडतो, त्यामुळं सकाळी सात-साडेसातला त्याच्या कड्यांवर समोरून उजेड येतो आणि संध्याकाळी त्याची नुसती काळी आकृती उरते. दोन्ही चांगलेच आहेत, फक्त कोणता हवा ते घरातून निघतानाच ठरवा.

वेळा ढोबळमानानं अशा: जूनच्या शेवटी उगवती सहा वाजता, मावळती सात वाजून आठ मिनिटांनी. जानेवारीच्या मध्याला उगवती सात-पाचला, मावळती सहा-वीसला. रंग उगवतीच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं सुरू होतात. शहरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर, म्हणजे जानेवारीत साडेपाचला गाडीला किक बसलेली हवी.

कॅमेऱ्याची मांडणी

ही बाब लोक फार अवघड करतात. ट्रायपॉडवर आयएसओ १००, छिद्र एफ/८, शटर कॅमेऱ्याला ठरवू द्या, आणि बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं रंगरंगोटी न केलेला मूळ फोटो) चालू ठेवा. व्हाइट बॅलन्स मात्र ऑटोवर नको, 'डेलाइट' किंवा ५५०० केल्विनवर कायमचा बांधून टाका. ऑटोवर कॅमेरा मृगातला निळसर उजेड आणि मार्चमधला पिवळा उजेड एकाच रंगाचे करून टाकतो, आणि वर्षभर जो फरक टिपायला बाहेर पडलात तोच पुसला जातो.

उजेडमापाची एक खोड लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं करायचं असतं. पांढरं धुकं दिसलं की तो फोटो काळवंडतो, तिथं पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळ्याभोर ढगाखाली काळसर डोंगर असला की तो उगाच उजळतो, तिथं पाऊण स्टॉप कमी करा. पडद्यावर डोळ्यांनी ठरवू नका, उन्हात पडदा खोटं बोलतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा. उजव्या भिंतीला तो चिकटला की ढगांचा तपशील गेलाच समजा.

मोबाइलवर डोंगरावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड बांधला जातो, मग बोट खाली ओढून थोडं अंधारं करा. अल्ट्रावाइड लेन्स डोंगरासाठी वापरू नका. तिच्यात पन्हाळासुद्धा शेताच्या बांधाएवढा दिसतो. साधी वन-एक्स लेन्स किंवा टेलिफोटो बरी. आणि निघण्याआधी मोबाइलची काच शर्टाच्या टोकानं का होईना पुसा. निम्मे "धुक्याचे" फोटो बोटाच्या तेलाचे असतात.

मृगापासून हस्तापर्यंत

जूनच्या सुरुवातीला डोंगर अजून तांबूस-काळा असतो. चार-पाच चांगल्या सरी झाल्या की आठ-दहा दिवसांत हिरवी झाक चढते. हे दिवस वर्षात एकदाच येतात, तेव्हा एक दिवसाआड जा. नंतर तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत) आठवडेच्या आठवडे आभाळ एकसारखं राखाडी राहतं. अशा दिवसांत आभाळाला चौकटीत जागा देऊ नका. लांब लेन्सनं, ७० ते २०० मिलिमीटरच्या, फक्त उतार आणि त्यावर रेंगाळणारे ढग घ्या. सर थांबल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची असतात, ओल्या उतारावरून ढगाच्या चिंध्या वर चढायला लागतात. म्हणून पाऊस पडत असतानाच जागेवर पोचलेलं बरं. पाऊस थांबल्यावर घरातून निघालात तर वाटेतच ढग उडून गेलेले असतात.

सर स्वतःच टिपायची असेल तर मागं काहीतरी गडद हवं, झाडी किंवा सावलीतला कडा. पांढऱ्या आभाळावर पाऊस दिसत नाही. १/६० सेकंदाला धारा लांब उमटतात, १/५०० ला थेंब सुटे गोठतात. समोरून पोत्याची खोळ पांघरलेला शेतकरी चालला असेल तर फोटोत डोंगराचं माप कळतं. आधी हाक मारून विचारा, लोक नाही म्हणत नाहीत.

हिरव्या रंगाबद्दल जरा कडकच सांगायला हवं. मोबाइल आधीच हिरवा भडक करतो, त्यावर लोक आणखी सॅच्युरेशन ओढतात आणि डोंगर प्लास्टिकच्या चटईसारखा दिसायला लागतो. पोलरायझर फिल्टर लावा. ओल्या पानांवरची पांढरी चमक तो काढतो आणि खालचा खरा हिरवा दिसतो. पोलरायझर सूर्यापासून नव्वद अंशांच्या दिशेला सगळ्यात जास्त काम करतो. त्यामुळं रुंद लेन्सवर निळ्या आभाळात एका बाजूला गडद पट्टा येतो, तो दोष तुमचा नाही. फिल्टर थोडा उलटा फिरवला की कमी होतो.

सामान सांभाळणं ही पावसाळ्यातली निम्मी लढाई. एसी गाडीतून कॅमेरा काढला की काचेवर लगेच वाफ धरते. पोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या. कव्हर म्हणून जाड प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड पुरतात, लेन्सच्या तोंडाशी पिशवीला भोक पाडून हूडवर रबर बसवायचा. सुती रुमाल तीन-चार हवेत, कारण एक ओला झाला की त्यानं पुसून काच जास्तच माखते. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवून झोपू नका. ओली बॅग म्हणजे बुरशीचं घर. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली की साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीशी भांडायला लागतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की दाणे तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात, तवा तेवढा स्वयंपाकाचा नको.

आणि पाण्याचं बघा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या दिशेनं चढायला लागलं की पन्हाळा रस्त्याला जायचंच नाही. रेडेडोह (नदीचं पाणी पात्राबाहेर पडतं ती जागा) फुटला की आंबेवाडीच्या पुढं रस्त्यावर पाणी येतं आणि पलीकडं गेलेला माणूस पलीकडंच अडकतो. जुलै २०२१ मध्ये पन्हाळगडावर चढणारा मुख्य रस्ताच खचला होता. संततधारेत घाटात दरडीखाली गाडी लावून फोटो काढणं हा शुद्ध वेडेपणा.

ऑगस्टच्या शेवटापासून पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, पातळ माती, तिच्यात सीतेची आसवं, तेरडा, मग सोनकी. फुलांत बसून फोटो काढायचे नाहीत. पायवाटेवर किंवा उघड्या कातळावर आडवं व्हा, कॅमेरा जमिनीपासून वीतभर ठेवा, म्हणजे चार फुलंही पठारभर वाटतात. एफ/११ ठेवा आणि फोकस साधारण एक मीटरवर. वारा थांबायची वाट बघावी लागते, कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. ट्रायपॉडच्या हुकाला बॅग अडकवली तर ती जमिनीला टेकेल एवढी खाली सोडा. लोंबकळणारी बॅग झोके घेते आणि ट्रायपॉडलाही झोके देते. या भागात गवे असतात. गवा दिसला तर फोटोसाठी पुढं सरकू नका, आल्या वाटेनं मागं फिरा.

थंडीतलं धुकं

नोव्हेंबर ते जानेवारी. धुकं पडणार का, याचा अंदाज आदल्या रात्री घरच्या गच्चीवरून घेता येतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवेत ओल, आणि एक-दोन दिवसांपूर्वी अवकाळी शिंतोडा झालेला असेल तर गजर लावा. रात्री वारा सुटला किंवा ढग आले तर झोपा. धुकं उगवतीनंतर तास-दीड तासात वितळतं, पण वितळतानाच सगळ्यात सुंदर दिसतं, तेव्हा सूर्य वर आला म्हणून लगेच चहाला पळू नका. गुऱ्हाळांच्या चिमण्यांचा धूर या दिवसांत वर न जाता एका पातळीवर आडवा पसरतो. धुक्याच्या थरावर तो तांबूस रेघेसारखा उमटतो. लांब लेन्स, एफ/८, आणि फोकस धुक्यावर न करता तटाच्या किंवा झाडाच्या कडेवर. धुक्यावर कॅमेऱ्याला काही सापडत नाही, नुसता मागं-पुढं होत राहतो.

याच दिवसांत उसाला तुरे येतात. शेतकऱ्याला तुरा नको असतो, वजन आणि साखरेचा उतारा घटतो. फोटोवाल्याला हवा असतो. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडं तोंड केलं की तुरे चांदीसारखे पेटतात. मागं डोंगराची सावलीतली बाजू आली तर आणखी उठून दिसतात.

चंद्रासाठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा. पौर्णिमेला चंद्र मावळतीच्या सुमारास उगवतो आणि बघता बघता डोंगर काळा होतो. आदल्या दिवशी तो पाऊण तासभर आधी वर येतो, डोंगरावर अजून ऊन असतं, दोन्ही एका फोटोत बसतात. थंडीतला पूर्ण चंद्र ईशान्येकडं झुकून उगवतो, उन्हाळ्यातला आग्नेयेकडं. म्हणजे सूर्याच्या बरोबर उलट.

वळीव

फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा धुरकट. पाचट पेटवलेलं, डोंगरावर वणव्याचे काळे पट्टे. लांबचे फोटो या दिवसांत सोडून द्या, जवळ जा: काटेसावर, पळस, पांगारा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर ढग चढायला लागतात. वळीव अर्धा-पाऊण तास कोसळतो, धूळ खाली बसते आणि संध्याकाळी पन्हाळ्याचा एकेक बुरूज मोजता येईल अशी हवा होते. इंद्रधनुष्यासाठी सूर्याकडं पाठ करायची. सूर्य बेचाळीस अंशांहून खाली आल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणजे मे महिन्यात दुपारी चारच्या आधी शोधू नका. संध्याकाळी ते पूर्वेलाच दिसणार, म्हणून त्या वेळी पन्हाळ्यावरून ज्योतिबाकडं बघा.

विजांशी खेळ नको. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तिनानं भागलं की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पठारावरून, बुरुजावरून खाली उतरा. सपाट सड्यावर ट्रायपॉड घेऊन उभा राहिलेला माणूस हाच तिथला सगळ्यात उंच खांब असतो. विजेचे फोटो अंधार पडल्यावर बंद गाडीत बसून काढता येतात: आयएसओ १००, एफ/८, दहा-वीस सेकंदांचं शटर, एकामागून एक.

पन्हाळा हे संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारशातही आहे. ट्रायपॉड लावण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. ड्रोन परवानगीशिवाय पिशवीतून काढूसुद्धा नका.

चैत्राची यात्रा

चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाच्या डोंगराचा रंग हिरवाही नसतो, पिवळाही नसतो, गुलाबी असतो. सासनकाठ्या नाचतात, चांगभलंच्या गजरात गुलाल-खोबरं उधळलं जातं, आणि नवख्यांचे कॅमेरे याच दिवशी मरतात. झूम लेन्स मागं-पुढं करताना हवा आत ओढते, त्या हवेबरोबर गुलालही जातो. म्हणून एकच ठरावीक लांबीची लेन्स घरूनच बसवून न्या, ३५ किंवा ५० मिलिमीटरची, आणि डोंगर उतरेपर्यंत काढू नका. पुढं साधा यूव्ही फिल्टर आणि हूड हवाच. खोबऱ्याचा तुकडा वेगानं येतो. सगळ्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावा, शटरचं बटण तेवढं मोकळं ठेवा.

घरी आल्यावर पहिला मोह ओल्या फडक्यानं पुसायचा होतो. तो आवरा. ओल लागली की गुलालाचा रंग सुटतो आणि रबरात कायमचा बसतो. आधी कॅमेरा उलटा धरून ब्लोअर मारा, मग मऊ ब्रशनं झाडा, पुन्हा ब्लोअर. चिकटपट्टी त्यानंतर काढा, आणि लेन्स दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत, अंघोळ करून.